अमेरिकन कॉलेजच्या ॲथलेटिक्स संघाला इतके कोच कशाला लागतात?

जून २०१८ मध्ये अमेरिकेतल्या यूजीन शहरात तेजस्विन शंकरने २.२४ मीटर उंच उडी मारून अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तेव्हा तो कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकत होता. त्याचे कोच क्लिफ रोव्हेल्टो हे तिथल्या संपूर्ण ट्रॅक अँड फील्ड संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. धावणारे, फेकणारे, उड्या मारणारे, मुलगे आणि मुली, सगळ्यांची जबाबदारी त्यांच्यावर होती. शिवाय उंच उडीवाल्यांना आणि डेकॅथलॉन-हेप्टॅथलॉन (दहा आणि सात प्रकारांची एकत्रित स्पर्धा) करणाऱ्यांना ते स्वतः मैदानावर उभे राहून शिकवत. एरिक किनार्ड हा अमेरिकन उंच उडीपटूही त्यांचाच विद्यार्थी. लंडन ऑलिंपिकमध्ये त्याला मिळालेले रौप्य, विजेता उत्तेजक प्रकरणात बाद झाल्यावर, पुढे सुवर्ण झाले. तेजस्विन नंतर डेकॅथलॉनकडे वळला आणि हांगचौच्या आशियाई खेळांत ७६६६ गुण मिळवून त्याने रौप्यपदक जिंकले.

मग कॅन्सस स्टेटच्या गोळाफेकपटूंना कोण शिकवत होते? दहा हजार मीटर धावणाऱ्यांना? पोल व्हॉल्टवाल्यांना, म्हणजे लांब काठीच्या आधाराने उंच उडी मारणाऱ्यांना? त्यांचे कोच वेगळे होते. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठात हेच चित्र दिसते. बाहेरून संघ एक, जर्सी एक, मुख्य प्रशिक्षकाचे नाव एक. आत मात्र पाच-सहा वेगवेगळ्या विद्यांचे जाणकार एकाच मैदानावर काम करत असतात. या सगळ्यांचे आपापसात किती पटते आणि ते एकमेकांशी किती बोलतात, यावर संघाचे बरेचसे भवितव्य ठरते. या लेखात मुख्यतः तेच सांगायचे आहे.

एकवीस खेळ, एक संघ

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार प्रामुख्याने एनसीएए ही संस्था पाहते. तिची पहिली ॲथलेटिक्स राष्ट्रीय स्पर्धा १९२१ मध्ये शिकागोला झाली. मुलींना मात्र एनसीएएच्या मैदानी विजेतेपदासाठी १९८२ पर्यंत थांबावे लागले. आज उघड्या मैदानावरच्या हंगामात मुलांच्या आणि मुलींच्या प्रत्येकी २१ स्पर्धा असतात. त्यात शंभर मीटर आहे, पंचवीस फेऱ्यांची दहा हजार मीटर आहे, पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायला लावणारी स्टीपलचेस आहे, दोन रिले आहेत, चार उड्या आहेत आणि चार फेकी आहेत.

हातोडाफेकीतला मुलांचा हातोडा ७.२६ किलोचा असतो. तो फेकणाऱ्याचे शरीर आणि आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर पळणाऱ्याचे शरीर शेजारी उभे करून पाहिले की एकच माणूस दोघांना उत्तम शिकवू शकणार नाही, हे सांगावे लागत नाही. तरी एकेकाळी तसे चालत असे. टेनेसी स्टेटचे एड टेम्पल १९५० पासून १९९४ पर्यंत मुलींच्या संघाचे प्रशिक्षक होते आणि त्याच विद्यापीठात समाजशास्त्रही शिकवत. पैसा नाही, सोयी नाहीत, त्यात वर्णभेदाचा काळ. तरी त्यांच्या हाताखालून ४० ऑलिंपियन घडले. रोममध्ये तीन सुवर्णपदके जिंकणारी विल्मा रुडॉल्फ त्यांतलीच. टेम्पल यांचे कर्तृत्व असामान्य होते यात शंका नाही. पण त्यांचा भर वेगाच्या शर्यतींवर होता. गुण मोजून विजेतेपद मिळवायचे, तर एका गटाच्या जोरावर ते साधणे फार अवघड जाते.

एनसीएएच्या अंतिम स्पर्धेत पहिल्याला १० गुण मिळतात आणि पुढे ८, ६, ५, ४, ३, २, १ असे आठव्यापर्यंत. थाळीफेकीतला पहिला नंबर आणि शंभर मीटरमधला पहिला नंबर, दोघांचे वजन सारखेच. टीव्हीवर शंभर मीटर दहादा दाखवतात, थाळीफेक एकदाही नाही, तरी गुणफलकाला त्याचे काही नसते. म्हणून फेकीचा कोच आणि स्प्रिंटचा कोच मुख्य प्रशिक्षकाला सारखेच मोलाचे.

तेजस्विन जिंकला त्याच २०१८ च्या स्पर्धेत मुलींचे सांघिक विजेतेपद शेवटच्या शर्यतीवर येऊन ठेपले होते. ती शर्यत होती ४ बाय ४०० मीटर रिले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची केंडल एलिस शेवटच्या टप्प्यात बरीच मागे पडली होती. अखेरच्या सरळ पट्ट्यात तिने पुढच्यांना गाठले आणि अगदी रेषेवर शर्यत काढली. संघाचे गुण झाले ५३, जॉर्जिया विद्यापीठाचे ५२. रिलेत दुसऱ्या आल्या असत्या तर दोन गुण कमी, म्हणजे ५१, आणि विजेतेपद जॉर्जियाकडे. त्या संघाच्या प्रमुख होत्या कॅरिल स्मिथ गिल्बर्ट, आणि त्यांच्या हाताखालच्या कोचांमध्ये क्विन्सी वॉट्स होते. वॉट्स म्हणजे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधले ४०० मीटरचे विजेते. त्या रिलेची चित्रफीत आजही पाहण्यासारखी आहे. पण माझ्या मते त्याहून पाहण्यासारखा आहे तो गुणतक्ता. कुठल्या तरी उडीत कुणी तरी मिळवलेला सातव्या-आठव्या नंबरचा गुणही त्या ५३ मध्ये धरलेला असतो आणि फरक एकाच गुणाचा आहे.

कोण काय शिकवतो

मोठ्या विद्यापीठांत मुले आणि मुली मिळून एकच प्रशिक्षक वर्ग असण्याची पद्धत आता रुळली आहे. मुख्य प्रशिक्षक, त्याच्या खालोखाल एक-दोन सहयोगी मुख्य प्रशिक्षक आणि मग सहायक. कामाची वाटणी साधारण अशी असते: स्प्रिंट आणि अडथळे, मध्यम व लांब पल्ला, उड्या, पोल व्हॉल्ट, फेकी आणि डेकॅथलॉन-हेप्टॅथलॉन. एकेका कोचकडे यांतले एक किंवा दोन गट. मुख्य प्रशिक्षक बहुतेक वेळा स्वतःचा एक गट राखून असतो, रोव्हेल्टो राखत तसा.

स्प्रिंटच्या कोचचा सराव पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल, ही मुले तर नुसतीच उभी आहेत! पूर्ण वेगाने साठ मीटर पळायचे आणि मग पाच-सहा मिनिटे थांबायचे. दहा मीटरला एक मिनिट विश्रांती, असा ढोबळ हिशेब बरेच कोच धरतात. मज्जासंस्था ताजी नसेल तर मुलगा पळतो खरा, पण वेग शिकत नाही; दमून पळायची सवय तेवढी लागते. दोन तासांच्या सरावात पूर्ण वेगाने पळणे जेमतेम मिनिटभराचे असते. त्या मिनिटभरातले प्रत्येक पाऊल कोच डोळ्यांत तेल घालून पाहतो.

रिलेची तयारीही त्याच्याकडेच. ४ बाय १०० मध्ये बॅटन ३० मीटरच्या पट्ट्यात बदलावी लागते. पुढचा धावपटू मागे वळून बघत बसत नाही. तो आपल्या सुरुवातीच्या जागेपासून पावलाला पाऊल लावून मागे मोजत जातो, पंचवीस-तीस पावले, आणि तिथे ट्रॅकवर टेपचा तुकडा चिकटवतो. येणारा धावपटू त्या टेपवर आला की हा सुटतो. टेप दोन पावले जवळ पडला तर दोघे एकमेकांवर आदळतात; दोन पावले लांब पडला तर येणाऱ्याच्या हाताला पुढचा लागत नाही आणि पट्टा संपतो. समोरून वारा असेल, येणारा आधीच दोन शर्यती पळून दमला असेल, तर टेप सरकवायचा. किती सरकवायचा, हे कोच अनुभवाने सांगतो. ४० सेकंदांच्या आसपासच्या शर्यतीसाठी आठवडेच्या आठवडे हे टेप चिकटवणे आणि उखडणे चालू असते.

उड्यांच्या कोचचे डोळे वेगळ्याच जागी लागलेले असतात. लांब उडी पाहताना आपण फळी आणि वाळू पाहतो. तो फळीच्या आधी चार-सहा पावले अंतरावर नजर रोखून बसतो. मुलाचे पाऊल तिथे ठरल्या जागी पडले की नाही, हे त्याला हवे असते, कारण त्यापुढची पावले मूल फळीकडे बघत जुळवून घेते आणि चूक झाकली जाते. पाऊल तिथेच पुढे पडत असेल तर धावण्याची सुरुवात एक वीत मागे. समोरचा वारा आला की पावले आखूड पडतात, मग सुरुवात पुढे घ्यायची. स्पर्धेत कोचला मैदानाच्या आत जाता येत नाही, त्याला ठरवून दिलेल्या जागेत कठड्यामागे बसावे लागते. उडी झाली की मूल धावत कठड्याशी येते, दोन वाक्ये ऐकते, परत जाते. या दोन वाक्यांत काय सांगायचे आणि काय गिळून टाकायचे, यावरून मला कोचची पारख करायला आवडते. पाच चुका दिसल्या तरी पुढच्या उडीआधी सुधारण्यासारखी एखादीच असते.

पोल व्हॉल्टला बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र कोच असतो आणि तो असायलाच हवा, कारण इथे चूक झाली तर मान मोडू शकते. प्रत्येक पोलवर त्याची लांबी आणि किती वजनाच्या माणसासाठी तो बनवला आहे, हे लिहिलेले असते. मूल जसे वेगवान होते तसा ताठ पोल हातात द्यायचा. लवकर दिला तर पोल पुरेसा वाकत नाही आणि मूल उलटे धावपट्टीवर येऊन पडू शकते. उशिरा दिला तर तो जरुरीपेक्षा जास्त वाकतो आणि उंची मिळत नाही. आडवी दांडी गादीच्या दिशेने किती आत सरकवायची, जास्तीत जास्त ८० सेंटीमीटरपर्यंत, हेही ठरवायचे. हे सगळे दोन उड्यांच्या मधल्या काही मिनिटांत.

फेकीचा गट बहुधा मुख्य मैदानापासून दूर, जाळीच्या पिंजऱ्याशी सराव करतो. चुकून सुटलेला हातोडा जीव घेऊ शकतो, त्यामुळे दुसरा इलाज नाही. पण या अंतरामुळे फेकीवाले संघातही जरा बाजूला पडतात. चांगला मुख्य प्रशिक्षक आठवड्यातून काही वेळ मुद्दाम त्या पिंजऱ्याशी जाऊन उभा राहतो. हिवाळ्यात बंदिस्त मैदानावर हातोडा फेकता येत नाही, म्हणून त्याऐवजी आखूड पकडीचे जड वजन फेकतात, मुलांसाठी ३५ पौंडांचे आणि मुलींसाठी २० पौंडांचे. तंत्र जुळते, तरी नेमके तेच नसते. हिवाळाभर वजन फेकून बिघडलेली लय वसंतात पुन्हा जागेवर आणणे हे फेकीच्या कोचचे दरवर्षीचे काम.

एक कोच काय करू शकतो, याचे ठळक उदाहरण याच गटातले आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे फेकीचे कोच मोहम्मद सातारा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये हातोडाफेकीचे सुवर्ण जिंकणारी कॅनडाची कॅमरिन रॉजर्स त्यांची विद्यार्थिनी. लिथुआनियाचा मिकोलास अलेक्ना त्यांचाच विद्यार्थी. त्याने १४ एप्रिल २०२४ रोजी ७४.३५ मीटर थाळी फेकून १९८६ पासून टिकलेला युर्गेन शुल्टचा ७४.०८ मीटरचा जागतिक विक्रम मोडला. अलीकडच्या काळात बर्कलीच्या संघाचे नाव सांघिक विजेत्यांच्या यादीत नाही. संघाचे मानांकन पाहून कॉलेज निवडणाऱ्याने ते कदाचित यादीतही घेतले नसते. फेकीच्या मुलासाठी मात्र काही वर्षे ते जगातल्या सर्वोत्तम ठिकाणांपैकी एक होते.

लांब पल्ल्याच्या कोचला सुट्टी नाही

बाकीच्या कोचांना वर्षात दोन हंगाम असतात: डिसेंबर ते मार्च बंदिस्त मैदानावरचा आणि मार्च ते जून उघड्यावरचा. लांब पल्ल्याच्या कोचला तिसरा आहे, सप्टेंबर ते नोव्हेंबर क्रॉस कंट्रीचा, म्हणजे ट्रॅकबाहेर गवत-मातीवरच्या लांब शर्यतींचा. तिथे प्रत्येक संघाचे सात जण पळतात, पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. त्यामुळे एक तारा आणि चार बरे असा संघ हरतो. पाचवा किती मागे आहे यावर सगळे असते. नोव्हेंबरात हे शिखर, मार्चमध्ये दुसरे आणि जूनमध्ये तिसरे. शरीर वर्षात तीनदा पूर्ण धारेवर आणणे फार थोड्यांना जमते. म्हणून कोच ठरवतो की या मुलीने हिवाळी हंगामात फक्त पाया घालायचा, त्या मुलाने क्रॉस कंट्रीनंतर तीन आठवडे काही करायचे नाही.

याच गटात आणखी एक जोखीम आहे. हलके शरीर वेगाने पळते, हे अर्धसत्य मुलींच्या मनात लवकर रुजते. खाणे कमी, पळणे जास्त, मग पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात आणि पायाच्या हाडाला बारीक तडा जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला मिळून ऊर्जेच्या सापेक्ष तुटवड्याची अवस्था असे नाव दिले आणि ती मुलांतही आढळते हे स्पष्ट केले. कोचने सहज म्हटलेले, ‘जरा वजन वाढलंय का?’ एवढे वाक्यही वर्षानुवर्षे रुतून बसते. वजनाबद्दल बोलायचेच असेल तर ते आहारतज्ज्ञाने आणि डॉक्टरने बोलावे. कोचने त्या विषयात तोंड उघडू नये, असे मी ठामपणे म्हणेन.

एक शरीर, तीन कोच

आता मूळ मुद्द्याकडे. समजा एक मुलगी लांब उडी मारते, शंभर मीटर पळते आणि ४ बाय १०० रिलेत दुसरा टप्पा करते. अशी मुलगी प्रत्येक संघाला हवी असते, कारण ती तीन ठिकाणी गुण आणते. तिचा मंगळवार पाहू. स्प्रिंटच्या कोचने लिहिले आहे: ३० मीटरचे सहा वेगवान प्रारंभ. उड्यांच्या कोचने लिहिले आहे: धावण्याच्या खुणा जुळवण्यासाठी आठ वेळा पूर्ण धाव, उडी न मारता. व्यायामशाळेच्या कोचने लिहिले आहे: जड वजन घेऊन बैठका.

तिन्ही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत. पण लांब उडीची धाव ३५-४० मीटरची आणि जवळजवळ पूर्ण वेगाची असते. आठ धावा म्हणजे तीनशे मीटर स्प्रिंट. उड्यांचा कोच त्याला ‘तंत्राचा सराव’ म्हणतो, त्या मुलीच्या मांडीच्या मागच्या स्नायूला हा फरक कळत नाही. वर बैठका. गुरुवारी रिलेच्या सरावात बॅटन घेताना ती एकदम मांडी धरून बसते आणि पुढचे काही आठवडे कठड्यामागून स्पर्धा पाहते. चूक कुणाची? कागदावर कुणाचीच नाही.

म्हणून चांगल्या संघांत एकच साधी गोष्ट काटेकोरपणे पाळतात: प्रत्येक खेळाडूचा एकच मुख्य कोच. दुसऱ्या कोणाला त्या खेळाडूकडून काही करून घ्यायचे असेल तर त्याने त्या कोचला विचारायचे. आठवड्याच्या सुरुवातीला सगळे कोच, व्यायामशाळेचा कोच आणि दुखापती पाहणारा ॲथलेटिक ट्रेनर एका टेबलाशी बसतात आणि नावानुसार यादी चाळतात. कोणाला कुठे दुखते आहे, कोणाची परीक्षा आहे, कोण झोपलेला नाही. ऐकायला हे फार साधे वाटते. पण प्रत्येक कोचला आपला गट चमकायला हवा असतो, त्याची पुढची नोकरी त्यावर असते. आपल्या खेळाडूचा एक सराव दुसऱ्यासाठी सोडून द्यायला मोठे मन लागते.

त्यात वेळेची मर्यादा आहे. एनसीएएच्या नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावीच लागते. स्पर्धेचा दिवस किती का लांबेना, तो ३ तासांचाच धरतात. हंगाम नसताना मर्यादा आणखी खाली, ८ तास. व्यायामशाळा आणि चित्रफीत पाहण्याची बैठक यातच मोजली जाते, म्हणजे या तासांसाठीही कोचांत ओढाताण आलीच.

आणि मग मे महिन्यातली परिषदेची स्पर्धा येते. विद्यापीठांच्या गटांना परिषद म्हणतात आणि त्यांची स्पर्धा तीन दिवस चालते. त्या मुलीला शुक्रवारी लांब उडी, शनिवारी शंभरची प्राथमिक फेरी, रविवारी रिले आणि शंभरची अंतिम. परिषद जिंकायची तर तिने सगळे करायला हवे. पण दोन आठवड्यांनी राष्ट्रीय पात्रता फेरी आहे. तिथे पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत बहुतेक वैयक्तिक स्पर्धांना ४८ जण असतात आणि त्यांतले १२ पुढे जातात. मुख्य प्रशिक्षक इथे खऱ्या अर्थाने कामाला येतो. संघाच्या आठ गुणांसाठी त्या मुलीची राष्ट्रीय संधी पणाला लावायची का? काही कोच लावतात. मी तिच्या जागी असते तर मला विचारून ठरवावे अशी माझी अपेक्षा असती, आणि चांगले कोच विचारतातही.

आर्कान्सॉ विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक राहिलेले जॉन मॅकडॉनेल यांच्या नावावर ४० राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे आहेत, क्रॉस कंट्री, बंदिस्त आणि मैदानी धरून. ते मूळचे आयर्लंडचे आणि पिंडाने लांब पल्ल्याचे. पण नुसत्या लांब पल्ल्यावर मैदानी विजेतेपदे येत नाहीत. उड्यांसाठी त्यांच्याकडे डिक बूथ होते. बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीचे सुवर्ण जिंकणारा माइक कॉनली आर्कान्सॉचाच. ज्यातले आपल्याला कमी कळते तिथे जाणकार आणायचा आणि त्याला मोकळे सोडायचे, हे मॅकडॉनेल यांना जमले.

मोकळे सोडणे खेळाडूच्या बाबतीतही लागते. ओरेगन स्टेट विद्यापीठाचे कोच बर्नी वॅग्नर यांच्याकडे डिक फॉस्बरी आला तेव्हा तो पाठ दांडीकडे करून उडी मारत असे. वॅग्नर यांनी त्याला रीतसर जुन्या पद्धतीचा सराव करायला लावला. मग एका स्पर्धेत त्याने आपल्या पद्धतीने ६ फूट १० इंच उडी मारून कॉलेजचा विक्रम मोडला. वॅग्नर यांनी जुनी पद्धत सोडून दिली, त्याच्या उड्यांचे चित्रीकरण केले आणि तीच उडी धाकट्या मुलांना शिकवायला घेतली. १९६८ मध्ये फॉस्बरी मेक्सिको सिटीत २.२४ मीटरवर ऑलिंपिक विजेता झाला. आपण शिकवलेले चूक ठरत असताना ते पन्नास जणांसमोर बदलणे हा कोचिंगमधला अवघड भाग आहे आणि तो फार कमी दिसतो.

ज्यांना कोच म्हणत नाहीत ते

ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे व्यायाम घेणारा नव्हे. दुखापती पाहणारा, पट्ट्या बांधणारा, पुनर्वसन करणारा प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी. मोठ्या परिषदांत नियम आहे की दुखापतीतून परत कधी यायचे, हा निर्णय त्याचा आणि डॉक्टरचा. कोच तो फिरवू शकत नाही. हा नियम अत्यंत गरजेचा होता.

संचालन प्रमुख प्रवास, हॉटेल, नोंदणी, पैसे पाहतो. पाच मीटर लांबीचे पोल विमानातून कसे न्यायचे, ही त्याची दर महिन्याची डोकेदुखी असते, कारण प्रत्येक विमानात ते मावत नाहीत. नोंदणीची वेळ त्याने चुकवली तर मुलाला धावताच येत नाही. व्यायामशाळेचा कोच, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि अभ्यासाचा सल्लागार बहुधा अनेक संघांत वाटून घेतलेले असतात.

पैसा आणि जागा

ॲथलेटिक्स कॉलेजला पैसे मिळवून देत नाही. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल देतात. क्लेमसन विद्यापीठाने नोव्हेंबर २०२० मध्ये मुलांचा ट्रॅक आणि क्रॉस कंट्री संघ बंद करत असल्याचे जाहीर केले आणि खेळाडूंनी आवाज उठवल्यावर एप्रिल २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला. मिनेसोटाने २०२० मध्ये मुलांचा बंदिस्त मैदानावरचा संघ बंद केला. कोच या अनिश्चिततेत काम करतात.

जुलै २०२३ पर्यंत प्रत्येक संघात एक ‘स्वयंसेवी’ कोच असे. म्हणजे काम पूर्ण, पगार नाही. पोल व्हॉल्ट किंवा उंच उडी शिकवणारे कितीतरी जण याच पदावर राबले. ते पद रद्द झाले, हे उशिरा का होईना, बरे झाले.

त्याहून मोठा बदल, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या दाव्यात, जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने आला. आधी मुलांच्या संघाला १२.६ आणि मुलींच्या संघाला १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढा पैसा देता येई आणि कोच तो तुकड्यांनी वाटत: याला अर्धी, तिला पाव. संघात मात्र कितीही मुले ठेवता येत. आता तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीची ती मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघाचा आकार ठरला: ट्रॅक अँड फील्डला ४५, क्रॉस कंट्रीला १७. शिष्यवृत्ती नसतानाही संघात राहून चौथ्या वर्षी अचानक उमलणारी मुले यात बाहेर पडतात. अशा मुलांवर ज्यांचा जीव होता त्या सहायक कोचांना हे किती लागले असेल, याची कल्पना करवत नाही.

निवड करताना

तिकडे जाऊ पाहणाऱ्या खेळाडूने संघाच्या नावाआधी आपल्या स्पर्धेचा कोच कोण, हे पाहावे. तो किती वर्षे तिथे आहे? रोजचा सराव तोच घेतो की शिकाऊ सहायक? दोन स्पर्धा करत असाल तर मुख्य कोच कोण असेल आणि वाद झाला तर शब्द कोणाचा चालेल? तो नोकरी बदलून गेला तर तुमच्या स्पर्धेला दुसरा कोच येईल की तुम्हाला दुसऱ्या गटात ढकलतील? कोच गेला म्हणून खेळाडूही कॉलेज बदलतात, २०१८ पासून सुरू झालेल्या बदली नोंदणीमुळे ते सोपे झाले आहे, पण श्रेयांक आणि व्हिसाचा घोळ मागे लागतोच.

हे विचारल्यावर गोड उत्तरे मिळतील. म्हणून निकालही पाहावेत. टीएफआरआरएस या संकेतस्थळावर अमेरिकन कॉलेजच्या खेळाडूंचे हंगामनिहाय निकाल कुणालाही पाहता येतात. त्या कोचच्या गटातली सात-आठ नावे घ्या आणि प्रत्येकाची पहिल्या व चौथ्या वर्षाची कामगिरी शेजारी मांडा. शाळेतूनच वेगवान आलेला मुलगा वेगवानच राहिला, यात कोचचे फारसे काही नसते. ११ सेकंदांचा मुलगा १०.४ वर आला असेल तर असते. आणि एखाद्याच्या नावासमोर सलग दोन हंगाम कोरे दिसले तर तिथे बहुधा दुखापत आहे. अशी कोरी जागा एकाच गटात तीन-चार जणांच्या नावासमोर असेल, तर दुसरे कॉलेज पाहा.